पिन खोऱ्यातल्या राष्ट्रीय उद्यानाकडे: सिमला-किन्नौर-स्पिती रस्त्याने पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

हिमाचल प्रदेशातल्या लाहौल-स्पिती जिल्ह्यात पिन व्हॅली राष्ट्रीय उद्यान आहे. १९८७ साली ते जाहीर झालं. गाभ्याचं क्षेत्र ६७५ चौरस किलोमीटर, भोवतीचा राखीव पट्टा ११५० चौरस किलोमीटर, आणि उंची साडेतीन हजार मीटरपासून सहा हजारांच्या वर. हिमबिबट्या आणि आयबेक्स ही रानबकरी, या दोघांचं हे घर. जंगल म्हटल्यावर डोळ्यासमोर येतं तसं इथे काहीच नाही. झाडं नदीकाठच्या पट्ट्यापुरती, बाकी सगळा उघडा डोंगर. जीप सफारीही नाही. गाडी मुध गावापर्यंत जाते आणि पुढे पायी जायचं.

तिथे पोहोचायला सिमल्याहून सतलज नदीच्या काठाने, मग स्पिती नदीच्या आणि शेवटी पिन नदीच्या काठाने चारशेहून जास्त किलोमीटर जावं लागतं. माझ्या मते हा रस्ता उद्यानाइतकाच पाहण्यासारखा आहे. म्हणून 'लवकर पोहोचू या' हा विचार घरीच सोडून निघा. नवख्या माणसाचा सगळा गोंधळ होतो तो किलोमीटर मोजून बेत आखल्यामुळे. या रस्त्यावर बेत आखायचा तो मुक्कामाच्या उंचीवरून. हे एक धरून ठेवलंत तर बाकीचं सोपं आहे.

## १. आधी महिना ठरवा

जूनचा मध्य ते जुलैची सुरुवात, किंवा सप्टेंबर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. पहिल्यांदा जात असाल तर यातलाच काळ घ्या.

स्पिती पर्जन्यछायेत आहे. तिथे पावसाळा जाणवतच नाही असं लोक सांगतात आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण स्पितीत शिरायचं तर आधी किन्नौर ओलांडायचं असतं, आणि खालच्या किन्नौरात जुलै-ऑगस्टमध्ये दरडी कोसळतात. ११ ऑगस्ट २०२१ ला निगुलसरीजवळ डोंगराचा कडा सरळ राष्ट्रीय महामार्गावर आला, त्याखाली एक एसटी बस आणि इतर वाहनं गाडली गेली. त्यामुळे 'स्पितीत ऊन आहे' एवढ्या बातमीवर निघू नका. रामपूर ते रेकाँग पिओ या टप्प्याचा अंदाज वेगळा पाहा.

सप्टेंबरअखेर किन्नौरात सफरचंदं उतरवायला सुरुवात झालेली असते, आकाश स्वच्छ असतं आणि नाल्यांना पाणी कमी असतं. मला विचाराल तर हाच काळ सगळ्यात चांगला. रात्री मात्र वरच्या गावांत पारा शून्याच्या जवळ जातो, तेव्हा लहान मुलं आणि वयस्क माणसं सोबत असतील तर जूनच बरा. हिवाळ्यात सिमल्याकडून हा रस्ता शक्यतो चालू ठेवतात, पण बर्फावर गाडी चालवायची सवय नसलेल्याने तो विचार करू नये.

## २. कागदपत्रं

भारतीय नागरिकांना किन्नौर-स्पितीच्या मुख्य रस्त्यासाठी इनर लाइन परमिट, म्हणजे सीमेलगतच्या भागात जायचा परवाना, लागत नाही. 'परमिट काढून देतो' असं सांगून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. सोबत परदेशी पाहुणा असेल तर त्याला मात्र परवाना हवाच. तो सिमला, रेकाँग पिओ किंवा काझा इथल्या प्रशासनाच्या कार्यालयात मिळतो. या बाजूने वर जाताना पिओला काढणं सोयीचं, आणि त्यासाठी कामकाजाचा दिवस हाताशी ठेवा. रविवारी पिओला पोहोचलात तर एक दिवस तिथेच जाईल.

सोबत ठेवायचं ते असं:

- प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र आणि दोन-तीन झेरॉक्स. किन्नौर-स्पितीच्या सीमेवरच्या सुमदोच्या चेकपोस्टवर नोंद करावी लागू शकते.
- गाडीचं आरसी, विमा, पीयूसी आणि चालकाचं लायसन्स, सगळं कागदावर. डिजिलॉकर चालतं, पण ते उघडायला नेटवर्क लागतं आणि चेकपोस्टवर नेमकं तेच नसतं.
- भाड्याची गाडी असेल तर भाडेकराराची प्रत. गाडी घेण्यापूर्वी 'स्पितीत नेली तर चालेल का' हे लेखी विचारून घ्या. काही करारांत ठरावीक भाग वगळलेले असतात आणि ते बारीक अक्षरात असतं.
- घरच्यांचा फोन नंबर, रक्तगट आणि चालू औषधं लिहिलेला कागद, गाडीच्या कप्प्यात.

## ३. गाडी कोणती आणि तयारी काय

चारचाकी फोर-व्हील ड्राइव्ह हवीच असं नाही. किन्नौरातली साधी अल्टोसुद्धा या रस्त्यावर रोज धावते. फक्त ती चालवणाऱ्याला रस्ता पाठ असतो. नवख्याला गाडीचं पोट जमिनीपासून जितकं उंच तितकी काळजी कमी. नाल्यांत मोठे गोटे असतात आणि ऑइल चेंबर फुटला तर मेकॅनिक एक तर पिओला, नाहीतर काझ्याला.

निघण्यापूर्वी ब्रेक पॅड, क्लच, कूलंट आणि पाचही टायर तपासून घ्या. पाचही म्हणजे स्टेपनीसुद्धा. जॅक आणि पाना गाडीत आहे एवढं पुरेसं नाही, एकदा घरीच चाक काढून बसवून पाहा. याशिवाय हवा भरायचा छोटा पंप, पंक्चरचं सामान, ओढायचा मजबूत दोर, जम्पर केबल आणि टॉर्च एवढं घ्या.

उंचीवर हवा विरळ होते आणि इंजिनाची ताकद कमी होते. चढावर गाडी ओढत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही, खालचा गिअर टाका आणि सावकाश चढा. उतारावरही तोच खालचा गिअर. सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ब्रेक तापून निकामी होतात.

स्वतः चालवायचं नसेल तर एचआरटीसीच्या, म्हणजे हिमाचलच्या राज्य परिवहनाच्या, बस आहेत. सिमल्याहून रेकाँग पिओ, पिओहून सकाळी काझा, आणि काझ्याहून दिवसातून एक बस मुधला. मुधची बस सहसा दुपारनंतर निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परतते, म्हणजे मुक्काम आलाच. या बसच्या चालकांना रस्त्याचा कणन् कण माहीत असतो. ज्यांना दरीची भीती वाटते त्यांनी आत्मविश्वास नसताना स्वतः स्टिअरिंग धरण्यापेक्षा हाच मार्ग घ्यावा.

## ४. मुक्काम उंची पाहून ठरवा

वैद्यकीय सल्ला असा की तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं. दिवसा वर जाऊन खाली झोपायला आलं तर चालतं. शरीर मोजतं ती रात्रीची उंची.

आता गावांची उंची पाहा. सिमला सुमारे २२०० मीटर, नारकंडा २७००, कल्पा २९६०, ताबो ३२८०, काझा ३६५०, नाको ३६६० आणि मुध ३७७०.

बहुतेक बेतांमध्ये कल्पानंतरचा मुक्काम नाकोला टाकलेला असतो, कारण ते वाटेत मध्यावर येतं आणि तळ्याकाठी सुंदर आहे. पण आकडे बघा. कल्पाहून नाकोला झोपायला गेलात तर एका रात्रीत सातशे मीटर चढलात. तेच नाकोला दुपारचं जेवण करून पुढे ताबोला उतरलात तर वाढ होते फक्त तीनशेवीस मीटर. दिवस थोडा लांबतो, पण रात्र शांत झोपेची मिळते. नाको अजिबात चुकत नाही, फक्त रात्र तिथे काढायची नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी हा क्रम सुचवेन:

- पहिली रात्र सिमला किंवा नारकंडा
- दुसरी सराहन किंवा सांगला
- तिसरी कल्पा
- चौथी आणि पाचवी ताबो
- सहावी आणि सातवी मुध
- आठवी काझा, आणि तिथून परतीचा रस्ता

ताबोची दुसरी रात्र 'वाया' म्हणून कापू नका. रजा कमी असेल तर सराहन-सांगलाची रात्र कापा. ताबोचे दोन दिवस झाल्यावर मुधला झोपायला जाताना वाढ चारशेनव्वद मीटरची होते, म्हणजे सल्ल्याच्या आतच. मनालीहून येणारा माणूस सुमारे दोन हजार मीटरवरून निघून, साडेचार हजारांची कुंझुम खिंड ओलांडून, त्याच दिवशी काझ्यात झोपतो. अनेकांची पहिली रात्र डोकं धरून जाते ती यामुळे. जायचं सिमल्याकडून, परतायचं वाटलं तर मनालीकडून. उलटं करू नका.

## ५. उंचीचा त्रास ओळखा

डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं, झोप उडणं ही सुरुवातीची लक्षणं. अशा वेळी पुढे चढायचं नाही, आहे तिथेच थांबायचं. भरपूर पाणी प्या, दारू टाळा, आणि डोकं दुखतंय म्हणून झोपेची गोळी मुळीच घेऊ नका. अॅसिटाझोलामाइड हे औषध प्रतिबंधासाठी दिलं जातं, पण ते निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं. सल्फा औषधांची अॅलर्जी असलेल्यांनी तर आधी ते सांगायलाच हवं.

बसल्या जागी धाप लागणं, छातीत खरखर होणारा खोकला, सरळ रेषेत चालता न येणं, बोलण्यात गोंधळ ही धोक्याची लक्षणं आहेत. इथे सकाळची वाट पाहायची नाही. ताबडतोब खाली उतरायचं.

आणि खाली म्हणजे कुठे, हे नकाशावर आधीच बघून ठेवा. काझ्याहून मनाली जवळ दिसतं, पण त्या बाजूला आधी कुंझुमची चढण आहे, म्हणजे आजारी माणसाला अजून हजार मीटर वर नेणं. काझ्यात सरकारी रुग्णालय आहे, तिथे ऑक्सिजन लावून घ्या, आणि पुढे न्यायचं ठरलं तर ताबो-पिओच्या बाजूने न्या. त्या बाजूला एकूण रस्ता उतरत जातो आणि पिओला मोठं जिल्हा रुग्णालय आहे. वाटेत नाकोची चढण लागते, तिथे रेंगाळू नका.

तातडीचे क्रमांक: ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि जिल्हा आपत्ती कक्षासाठी १०७७. रेंज नसेल तर जवळच्या लष्करी तळावर किंवा सीमा सडक संघटनेच्या छावणीवर सरळ जा. मदत मिळते.

## ६. सिमला ते कल्पा

हा राष्ट्रीय महामार्ग ५, म्हणजे जुना हिंदुस्तान-तिबेट रस्ता. लॉर्ड डलहौसीच्या काळात, १८५० मध्ये, त्याचं काम सुरू झालं. सिमल्यातून पहाटे निघा. ठियोग-नारकंडा पट्ट्यात सफरचंदाच्या हंगामात ट्रकांची रांग लागते.

नारकंड्याहून रस्ता देवदारांतून झपाट्याने खाली उतरतो, आणि सतलजच्या काठी रामपूर बुशहरला पोहोचेपर्यंत तुम्ही हजार मीटरच्या आसपास आलेले असता. स्वेटर काढून टाकावासा वाटतो. इथे मोठी बाजारपेठ आहे, राहिलेली औषधं, सुकामेवा, टायरची हवा सगळं इथे उरकून घ्या. पुढे ज्यूरीहून उजवीकडे सतरा किलोमीटर चढलं की सराहन, भीमाकालीचं दगड-लाकडी मंदिर आणि समोर श्रीखंड महादेवाची रांग. उशीर झालेला नसेल तर नक्की चढा.

ज्यूरीनंतर किन्नौर सुरू होतं आणि रस्त्याचं रूप बदलतं. तरांड्याजवळ अख्खा कडा आडवा कोरून रस्ता नेला आहे. डोक्यावर खडकाचं छत, डाव्या हाताला खोल दरी आणि तळाशी सतलज. तिथल्या तरांडा देवीच्या मंदिरापाशी येणारं-जाणारं वाहन थांबतं, चालक हात जोडून पुढे जातात. तुम्हीही थांबा, पाय मोकळे होतात आणि पुढून काय येतंय ते कळतं.

छताखालच्या रस्त्याचा फोटो घ्यायचा मोह प्रत्येकाला होतो. गाडी कड्याखाली उभी करून फोटो काढू नका. बारीक खडे घरंगळत असतील, धूळ उडताना दिसली, तर वरून मोठं काही येण्याची ती सूचना असते. अशा वेळी अलीकडेच थांबायचं, आणि कडा शांत झाल्यावर न रेंगाळता पलीकडे जायचं.

वांगतू, करछम हे जलविद्युत प्रकल्पांचे पट्टे. धूळ, डंपर आणि खराब रस्ता, फार काही पाहण्यासारखं नाही. करछमला उजवीकडचा फाटा बास्पा नदीच्या काठाने सांगला आणि छितकुलला जातो. छितकुल सुमारे ३४५० मीटरवर आहे, तेव्हा दिवसा पाहून या आणि सांगल्यात झोपा.

पोवारीहून वर चढत रेकाँग पिओ आणि त्याच्या वर कल्पा. कल्पाच्या खोलीची खिडकी पूर्वेकडे उघडणारी मागून घ्या. समोर किन्नर कैलासची रांग आहे, तिच्यातलं जोरकांदेन ६४७३ मीटरचं. पहाटे कड्यांच्या मागून उजेड येतो तो अंथरुणातून पाहता येतो.

## ७. पिओ सोडण्यापूर्वी: पेट्रोल, पैसे, फोन

पोवारीला टाकी काठोकाठ भरा. यापुढचा ज्यावर विसंबावं असा पंप एकदम काझ्याला. हिशेब करून पाहा: पोवारी ते ताबो सुमारे १६५ किलोमीटर, ताबोहून पिन खोऱ्याकडे वळायचा अटारगू पूल ३१, तिथून मुध ३३, परत ३३, आणि काझा १६. वाटेतले ग्यू आणि धनकर या गावांचे फाटे धरले तर तीनशेच्या वर जातं. चारचाकीला अडचण नाही. छोट्या टाकीच्या मोटारसायकलने धातूच्या डब्यात चार-पाच लिटर जादा घ्यावं, कारण चढावर मायलेज घटतं.

काझ्यात एटीएम आहे, पण रोकड संपलेली किंवा लिंक तुटलेली असण्याची तयारी ठेवा. होमस्टे, ढाबा, टॅक्सी यांचे पूर्ण प्रवासाचे पैसे पिओलाच काढा, शंभर-दोनशेच्या नोटांत. यूपीआय रेंज असेल तिथेच चालतं.

प्रीपेड सिम इथे चालतं. तरी गावं सोडली की रेंज जाते आणि पिन खोऱ्यात फोनवर भिस्त ठेवूच नये. नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या आणि घरी आधीच सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागला नाही तर घाबरू नका.

## ८. कल्पा ते ताबो: दिवसभराचा मुख्य टप्पा

सकाळी सातच्या आत निघा. या टप्प्याला घाई सोसत नाही.

पूहपर्यंत हिरवळ विरळ होत जाते आणि खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. अरुंद घळीत दोन नद्या, दोन रंगांचं पाणी. इथे राष्ट्रीय महामार्ग ५ सतलजबरोबर शिपकी ला खिंडीकडे वळतो आणि आपण पूल ओलांडून राष्ट्रीय महामार्ग ५०५ धरतो. लगेच 'का'ची वळणं सुरू होतात. नदी पाहता पाहता खाली दोरीएवढी होते. या चढणीवर प्रत्येक आंधळ्या वळणाला हॉर्न द्या, गाडी मधोमध नेऊ नका, आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. बस समोर आली तर मागे कोणी सरकायचं ते चालकाच्या हाताकडे पाहून ओळखा आणि तो सांगेल तसं करा. दरीच्या बाजूला गाडी घेण्यापूर्वी कडेची माती भुसभुशीत आहे का ते उतरून बघायला लाज वाटू देऊ नका.

या डोंगरावर रिओ पुर्ग्यील आहे, ६८१६ मीटर, हिमाचलातलं सर्वांत उंच शिखर. त्याच्याच अंगावर नाको वसलंय. तळं, दगडी गल्ल्या, जुनी गोम्पा म्हणजे बौद्ध मठ. जेवा, सावकाश फिरा, पळापळ करू नका, इथे हवा खरोखरच पातळ आहे.

नाकोनंतर मलिंग नाला. वरचा डोंगर मोकळ्या मातीचा असल्याने हा पट्टा वर्षानुवर्षं घसरतो आहे. इथे आणि पुढच्या प्रत्येक नाल्यासाठी एक नियम: दुपार जितकी चढेल तितकं बर्फ वितळून पाणी वाढतं. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा चार वाजता गुडघ्यापर्यंत येतो. पाण्यात शिरण्यापूर्वी दुसरी गाडी कुठून जाते ते पाहा, पहिला गिअर टाका, एकसारखा अॅक्सिलरेटर ठेवा आणि मध्ये थांबू नका. पाणी गढूळ झालं असेल आणि दगड वाहत येण्याचा आवाज येत असेल तर अलीकडे थांबा.

चांगो, शलखर आणि मग सुमदो. इथे किन्नौर संपून स्पिती लागतं. चेकपोस्टवर नोंद करा, लष्करी तळाचे फोटो घेऊ नका. सुमदो आणि हुरलिंगच्या मध्ये उजवीकडे ग्यू गावाचा फाटा आहे, आठेक किलोमीटरचा. बसलेल्या अवस्थेतलं एका भिक्षूचं शेकडो वर्षांचं ममी झालेलं शरीर तिथे जपलंय. १९७५ च्या किन्नौर भूकंपानंतर ते उघड्यावर आलं. उशीर झाला असेल तर ग्यू दुसऱ्या दिवशी ताबोहून करा, तसाही तो दिवस हाताशी आहेच.

ताबोची गोम्पा इसवी सन ९९६ ची. बाहेरून मातीच्या बसक्या भिंती, आणि आत हजार वर्षांची भित्तिचित्रं आणि भिंतीतून पुढे आलेल्या मूर्ती. हिला 'हिमालयातली अजिंठा' म्हणतात. आत फोटोला बंदी आहे आणि ती मनापासून पाळा. उजेड जवळजवळ नसतोच, म्हणून मंद टॉर्च न्या, पण चित्रावर सरळ मारू नका. पाच मिनिटं अंधारात शांत उभं राहिलं की डोळे सरावतात आणि एकेक चेहरा दिसू लागतो. मी तर म्हणेन, यासाठी तासभर ठेवा.

## ९. पिन खोऱ्यात शिरताना

ताबोहून काझ्याकडे जाताना सिचलिंगहून वर धनकरचा फाटा आहे. धनकर ही स्पितीची जुनी राजधानी. कड्याच्या टोकावरची गोम्पा आणि खाली स्पिती-पिनचा संगम. इथून पाहिलं की आपण कुठल्या खोऱ्यात शिरणार आहोत ते स्पष्ट कळतं. तिथून परत खाली येऊन अटारगूला पूल ओलांडला की डावीकडे पिन नदी सोबतीला येते.

पुलापासूनचे ते ३३ किलोमीटर सावकाश जा. दोन्ही बाजूंच्या डोंगरांत खडकाचे थर घड्या पडून उभे आडवे झालेले दिसतात. हे सगळं कधीकाळी टेथिस समुद्राच्या तळाचं होतं. भूशास्त्रज्ञ 'मुथ क्वार्टझाइट' म्हणून ज्या पांढऱ्या खडकाचा उल्लेख करतात त्याचं नाव याच मुध गावावरून पडलं. गावांत कोणी शंखासारखे जीवाश्म विकायला आणले तर घेऊ नका, ते डोंगरातच राहायला हवेत.

गुलिंगच्या वर कुंगरी गोम्पा आहे, न्यिंगमा या तिबेटी बौद्ध पंथाची. स्पितीतल्या बाकीच्या मोठ्या गोम्पांपेक्षा परंपरा वेगळी. पुढे सगनम, खोऱ्यातलं मोठं गाव, इथे पाराहियो नदी पिनला मिळते. वाटेत हिरव्या वाटाण्याची शेतं लागतील. शेतातून शेंगा तोडू नका. इथे वर्षात एकच पीक येतं आणि तीच त्या घराची कमाई असते. विचारलंत तर बहुधा ओंजळभर स्वतःहून देतील.

मुधला साधे होमस्टे आहेत. जेवायला डाळ-भात, थुक्पा, मोमो. कोरडं शौचालय असू शकतं: वापरानंतर माती टाकायची, पाणी ओतायचं नाही. पाणी खरोखर कमी आहे, बादलीभर गरम पाण्याची मागणी करू नका. पाण्याची स्वतःची बाटली न्या आणि उकळलेलं पाणी भरून घ्या. प्लास्टिकचा प्रत्येक तुकडा परत खाली आणा, खोऱ्यात कचरा उचलायची व्यवस्था नाही.

## १०. उद्यानात: काय दिसेल आणि काय नाही

मुधच्या समोरच्या डोंगरावर जांभळे, हिरवट, तांबूस पट्टे आहेत आणि संध्याकाळी ते गडद होतात. एवढं तर कोणालाही दिसतं. वन्यजीवांचं तसं नाही.

उन्हाळ्यात हिमबिबट्या दिसेल या आशेने जाऊ नका. बर्फ हटलं की त्याची शिकार वर सरकते आणि तिच्यामागे तोही. आयबेक्स मात्र जूनमध्ये पहाटे दिसण्याची चांगली शक्यता असते. मागे वळलेली कमानदार शिंगं कड्याच्या कडेवर आकाशासमोर पाहायची, उतारावर शोधत बसलात तर ती खडकाच्या रंगात मिसळून जातात. दुर्बीण हवीच. याशिवाय भरल ही रानमेंढी, लाल कोल्हा, तित्तिरासारखा चुकर पक्षी आणि हिमकोंबडा.

मुधहून नदीकाठाने वर अर्ध्या दिवसाची चाल करा आणि परत या. सोबत गावातला वाटाड्या घ्या. वाट सोपी दिसते, पण ओढे दुपारी वाढतात आणि परतीचा रस्ता अडतो. याच वाटा पुढे पिन-पार्वती आणि पिन-भाबा या खिंडींना जातात. पहिली ५३०० मीटरच्या वर, दुसरी ४९०० च्या आसपास. 'जाऊन बघू थोडं' म्हणून त्या दिशेने फार पुढे जाऊ नका, तो पूर्ण तयारीचा ट्रेक आहे. आत तंबू ठोकून राहायचं असेल तर काझ्यातल्या वन्यजीव विभागाच्या कार्यालयात आधी परवानगी विचारा. त्यासाठी मग क्रम बदलून आधी काझा आणि नंतर मुध करावं लागेल. उंचीच्या दृष्टीने त्याने बिघडत नाही.

ड्रोन आणू नका. कड्यावर चरणारे कळप त्याच्या आवाजाने बिथरतात, आणि सीमेलगतच्या जिल्ह्यात त्यावरून चौकशीला सामोरं जावं लागतं ते वेगळंच.

## ११. परतीचा रस्ता

आलात त्याच रस्त्याने परतणं हे सगळ्यात सुरक्षित. कुंझुमवरून मनालीला उतरायचं असेल तर ती खिंड उघडी आहे याची काझ्यात पोलिसांकडे किंवा टॅक्सी स्टँडवर आदल्या संध्याकाळी खात्री करा. साधारण जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ती खुली असते. अंतर सुमारे दोनशे किलोमीटर, पण लोसरनंतर कुंझुम उतरून बातल ते ग्राम्फू हा पट्टा दगडगोट्यांचा आहे, तिथे ताशी पंधरा-वीसने गेलात तरी पुष्कळ. ग्राम्फूहून खोकसर गाठून अटल बोगद्याने मनालीत उतरायचं, रोहतांगवर चढायची गरज नाही.

काझ्यात टाकी पूर्ण भरा, पहाटे सहाला निघा. छत्रूच्या आसपासचे नाले दुपारी सगळ्यात अवघड होतात, तेव्हा जेवणाची वेळ होण्याआधी ते मागे पडायला हवेत. चंद्रताल पाहायचं असेल तर त्याच दिवशी मनाली गाठायचा हट्ट सोडा आणि तळ्यापासून अंतरावर असलेल्या तंबूंत रात्र काढा. बातलला पोहोचेपर्यंत दुपारचे दोन वाजून गेले असतील तर पुढे जाऊ नका, ढाब्यावर अंथरूण मिळतं. तिथेच झोपा आणि पाणी ओसरलं की सकाळी निघा.